हे काम अध्यक्षाचे आहे का?

इंटरनेटच्या कारभारात भाग घेणाऱ्या एका संस्थेच्या प्रादेशिक वापरकर्ता परिषदेच्या अध्यक्षपदासाठी मी उभी राहिले आणि तीन मतांनी हरले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण उमेदवारांच्या छाननीत जे बोलले गेले ते गोपनीय ठेवीन असे मी सहीनिशी लिहून दिलेले आहे. मात्र अशी प्रक्रिया कशी चालते, उमेदवाराकडून ती काय काय वदवून घेते आणि माझे नेमके कुठे चुकले, हे सांगायला त्या सहीची आडकाठी नाही.

आधी या पदांविषयी थोडे सांगायला हवे. इंटरनेटला मालक नाही, पण सांभाळणारे पुष्कळ आहेत. संकेतस्थळांच्या पत्त्यांत दिसणाऱ्या नावांच्या, म्हणजे डोमेन नावांच्या व्यवस्थेचा समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था करते, अंकीय पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे आहे, तांत्रिक मानके आयईटीएफ या अभियंत्यांच्या खुल्या मंचात १९८६ पासून घडत आली आहेत, आणि धोरणांविषयी सरकारे, कंपन्या, अभियंते व सामान्य वापरकर्ते यांनी एकत्र बोलावे म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ पासून भरतो. या सगळ्या ठिकाणी नेतृत्वाची पदे कशी भरावीत, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. आयईटीएफमध्ये मतदान करणारे दहा सदस्य असलेली एक नामांकन समिती नेते निवडते आणि हे दहा जण स्वयंसेवकांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. लॉटरीचे निकाल वगैरे आधी कोणालाच ठाऊक नसणारे आकडे वापरून ती सोडत कोणालाही घरबसल्या पडताळता येते. प्रादेशिक नोंदणी संस्थांमध्ये सभासद मत देतात. आयकॅनच्या संचालक मंडळात मताधिकार असलेले सोळा सदस्य असतात, त्यांतील आठ नामांकन समिती निवडते, आणि सामान्य वापरकर्त्यांच्या समुदायाच्या वाट्याला एकच जागा येते, जिच्यासाठी अवघे वीस जण मत देतात.

एकदा मात्र वेगळे घडले होते. २००० साली आयकॅनने आपल्या मंडळातील पाच जागांसाठी जगभरातील लोकांचे थेट ऑनलाइन मतदान घेतले, प्रत्येक प्रदेशातून एक अशा पाच व्यक्ती निवडून आल्या, आणि सुमारे ३४ हजार मते पडली. दोन वर्षांनी सुधारणांच्या नावाखाली ती पद्धत मोडीत निघाली आणि तिच्या जागी नामांकन समिती आली. हा मोठा घात होता असे मी अनेक वर्षे सांगत फिरत असे. आता तितक्या ठामपणे सांगत नाही; त्याला या अनुभवातील एका रात्रीचा हातभार आहे.

आमच्या परिषदेत दोन्ही पद्धतींचे मिश्रण आहे. आधी सूचक व अनुमोदक लागतो, मग समितीची छाननी होते, आणि मग सभासद संघटना प्रत्येकी एक मत देतात. माझे नाव दुसऱ्याच कोणीतरी सुचवले होते. ते स्वीकारायला सात दिवस होते आणि त्यांतील पाच मी नाही म्हणण्याची कारणे शोधण्यात घालवले. सहा वर्षे कार्यगटांत काम केलेले असले, तरी मसुदे वाचून त्यांतील स्वल्पविराम दुरुस्त करणे वेगळे आणि वीस-पंचवीस परस्परविरोधी माणसांची बैठक चालवणे वेगळे, हे मला कळत होते.

होकार दिला तो एका जुन्या सलामुळे. आमच्या क्षेत्रात अध्यक्षाच्या हाती दिसायला काहीच नसते, पण एक गोष्ट असते आणि ती फार मोठी असते: चर्चा संपली की सहमती झाली की नाही, हे तो ठरवतो. आयकॅनमध्ये डोमेन नावांची धोरणे तयार करणाऱ्या कार्यगटांच्या नियमांत सहमतीच्या पातळ्याच लिहून ठेवलेल्या आहेत. कोणाचाच विरोध नसेल तर पूर्ण सहमती, थोड्यांचाच विरोध असेल तर सहमती, पाठिंबा भक्कम पण विरोधही लक्षणीय असेल तर तशी वेगळी नोंद, आणि त्याखाली मतभिन्नता. कोणती पातळी लावायची ते अध्यक्ष सांगतो आणि सभासदांना त्यावर हरकत घेता येते. आयईटीएफची भूमिका तर याहून कडक आहे. तिथे डोकी मोजायची नसतात. २०१४ च्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजाने समजावून दिले आहे की आक्षेप घेणारा एकटा असला तरी त्याच्या आक्षेपाला उत्तर मिळाले का हे पाहायचे असते, आणि उत्तर मिळाले नसेल तर शंभर जणांच्या होकारानेही सहमती होत नाही. आमच्याकडे आदल्या वर्षी एका निवेदनावर तीन संघटनांनी सविस्तर आक्षेप घेतले होते आणि संस्थेकडे वर पाठवलेल्या अहवालात त्यांच्याविषयी एक ओळही आली नव्हती. त्या तिघांत माझी संघटना नव्हती, मी बहुमताच्या बाजूची होते, आणि तरीही ती गाळलेली ओळ मला खुपत राहिली.

होकार कळवल्यावर पहिले काम होते हितसंबंधांचे निवेदन. अर्ज लिहिताना हा भाग सर्वांत कोरडा वाटतो, पण मला विचाराल तर सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. प्रश्न साधे असतात: तुम्हाला पगार कोण देते, डोमेन विकणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या कोणत्या कंपनीशी तुमचा आर्थिक संबंध आहे, बैठकांचा प्रवासखर्च कोण करते, तुमच्या वतीने दुसरे कोणी बोलते का किंवा तुम्ही दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलता का. पहिल्या तीन ओळी पाच मिनिटांत लिहून झाल्या. मग आठवले, की पूर्वी एका डोमेन विक्रेत्या कंपनीसाठी ग्राहकांना पाठवायच्या सूचनांचे भाषांतर मी तीन महिने पैसे घेऊन केले होते. अर्जात पाच वर्षांपर्यंतचा तपशील मागितला होता आणि ते काम त्या मुदतीच्या चार महिने आधीचे निघाले. नियमाने लिहायची गरज नव्हती. दोन दिवस मी ती ओळ लिहीत होते आणि खोडत होते, कारण लिहिली तर उगाच काहीतरी असल्यासारखे दिसेल आणि नाही लिहिली तर कोणीतरी शोधून काढेल. शेवटी लिहिली. पुढे भर बैठकीत त्यावर प्रश्न आला आणि मला एवढेच म्हणता आले, की ते निवेदनाच्या दुसऱ्या पानावर आहे. त्या उत्तराला दहा सेकंदही लागले नाहीत.

त्यानंतर आला जाहीरनामा. एका पानात बसेल असे काय करणार ते लिहायचे होते. मी नऊ कलमे लिहिली आणि परिषदेच्या एका माजी अध्यक्षांना वाचायला पाठवली. मितभाषी गृहस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी फाईल परत आली तेव्हा मजकुराला त्यांनी हातही लावलेला नव्हता. समासात मात्र पहिल्या कलमापाशी एक वाक्य होते: हे काम अध्यक्षाचे आहे का? तेच वाक्य दुसऱ्या कलमापाशी होते, तिसऱ्यापाशी होते, आणि असे करत सहा ठिकाणी होते. नवीन सभासदांसाठी प्रवासनिधी वाढवणे हे पहिले कलम होते. तो निधी संस्थेच्या अर्थसंकल्पात ठरतो आणि परिषद त्यावर फक्त अभिप्राय देऊ शकते. सर्व दस्तऐवजांची भाषांतरे करून घेणे हे दुसरे. तेही अर्थसंकल्पाचेच काम. वापरकर्त्यांच्या गोपनीयतेचे रक्षण करणे हे तिसरे. ते माझे मत होते, आणि अध्यक्ष झाल्यावर ते मत कार्यगटात इतरांइतकेच, किंबहुना थोडे कमीच, चालणार होते. मी रागावले. त्यांना फोन करून म्हटले, "मग अध्यक्ष करतो तरी काय?" ते म्हणाले, "विषयपत्रिका वेळेवर काढतो, शेवटच्या माणसाला बोलू देतो, आणि झाले ते झाले तसे लिहितो. या तिन्हींपैकी एक जरी तुमच्या जाहीरनाम्यात दिसले असते तर मी गप्प बसलो असतो."

शेवटी जाहीरनाम्यात जी तीन कलमे राहिली ती बरीचशी त्यांच्याच बोलण्यातून आली हे कबूल करायला हवे. विषयपत्रिका व मसुदे बैठकीच्या सात दिवस आधी मिळतील. बैठकांच्या वेळा फिरत्या ठेवल्या जातील, म्हणजे मध्यरात्री जागण्याची पाळी नेहमी एकाच प्रदेशभागावर येणार नाही. आणि वर जाणाऱ्या प्रत्येक निवेदनासोबत सहमतीची पातळी व न सुटलेले आक्षेप जसेच्या तसे जोडले जातील. पान निम्मे रिकामे राहिले. पाठवताना ते इतके किरकोळ दिसत होते की मला लाज वाटली.

शिफारसपत्रे, मालकाचे संमतिपत्र आणि ओळखीची पडताळणी यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. कागद वेळेत मागितले की वेळेत मिळतात. आठवड्याला द्यायच्या वेळेविषयी मात्र एक सांगते. अर्जात दहा तास लिहिलेले होते. मी एक महिना वहीत नोंद ठेवली, आणि केवळ सभासद म्हणून वाचन, बैठका व पत्रे यांतच माझे आठ तास जात असल्याचे निघाले. अध्यक्षाला दहा पुरतील हे कोणी कसे लिहिले असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मुलाखत चाळीस मिनिटांची झाली. पाच जण होते, प्रश्न सर्व उमेदवारांना तेच होते, आणि समोरच्यांचे चेहरे मुद्दामच निर्विकार ठेवलेले वाटत होते. आतले प्रश्न मी सांगणार नाही. माझ्या एका उत्तराचा विषय तेवढा सांगते, कारण तो माझाच आहे. डोमेन नोंदवणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन आणि ईमेल पूर्वी हूइज नावाच्या सेवेतून जगात कोणालाही दिसत असे. युरोपीय संघाचा विदा-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू होणार म्हणून आयकॅनच्या मंडळाने त्याच महिन्यात एक तात्पुरता नियम मंजूर केला आणि व्यक्तींची बरीचशी माहिती झाकली गेली. मी झाकण्याच्या बाजूची होते आणि आहे. त्या वेळी माझे म्हणणे होते की झाकलेली माहिती कोणालाच मिळता कामा नये. कार्यगटात बँकांच्या नावाने उभारलेली फसवी संकेतस्थळे उतरवण्याचे काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एकदा शांतपणे सांगितले, की एक फसवे नाव सापडले की त्याच माणसाने आणखी कोणती नावे नोंदवली आहेत हे त्यांना काही तासांत कळावे लागते, नाहीतर तोवर लोकांचे पैसे गेलेले असतात. त्यानंतर मी माझी भूमिका बदलली: लेखी कारण देऊन माहिती मागता यावी, आणि कोणी काय मागितले व का दिले याची नोंद राहावी. मत बदलल्याची गोष्ट मुलाखतीत सांगायला मला संकोच वाटत होता. सांगून झाल्यावर एकाने पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

यानंतर आली ती रात्र. दोन्ही उमेदवारांची सभासदांसमोर ऑनलाइन बैठक होती, आणि वेळ माझ्या घड्याळात रात्री दोनची होती. प्रत्येक उत्तराला नव्वद सेकंद. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे मोजत जात असत आणि शून्यावर ध्वनिक्षेपक आपोआप बंद होई. बोलणे आणखी दोन भाषांत ऐकवले जात होते. पहिल्या उत्तराच्या विसाव्या सेकंदाला दुभाषी मध्येच म्हणाली, "कृपया हळू बोला." हळू बोलल्यावर नव्वद सेकंदांत माझ्या तयार उत्तरांतील निम्मीच वाक्ये बसत होती. कोणती निम्मी गाळावीत हे मी ठरवलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक उत्तर मुद्द्याच्या तोंडाशी येऊन तुटत होते.

चौथा प्रश्न नवीन माणसे कशी आणणार याविषयी होता. दुसऱ्या उमेदवारांनी मोठे आणि आकर्षक उत्तर दिले, त्यावर पडद्यावर टाळ्यांच्या खुणा उमटल्या, आणि माझी पाळी आली. माझे खरे उत्तर असे होते, की नवीन माणूस तिसऱ्या बैठकीनंतर येईनासा होतो कारण मसुदे आदल्या रात्री येतात आणि ते वाचून बोलणे फक्त जुन्या लोकांनाच जमते. हे उत्तर माझ्या समोर कागदावर लिहिलेले होते. मी मात्र टाळ्यांच्या त्या खुणांकडे पाहत म्हणाले, "मी निवडून आले तर नवीन सभासदांचा प्रवासनिधी वाढवून घेईन." माझ्यासाठीही टाळ्या उमटल्या. बैठक संपताच फोनवर एक ओळ आली. ती कोणाची होती आणि तिच्यात काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

झोप लागली नाही. सकाळी सर्व सभासदांना चार वाक्यांचे पत्र पाठवले: काल रात्री मी जे आश्वासन दिले ते पाळणे अध्यक्षाच्या हाती नाही, अर्थसंकल्पावर परिषदेचा अभिप्राय जातो, त्यात हा मुद्दा मी आग्रहाने मांडीन, निधी वाढेलच असे मी सांगू शकत नाही, चूक माझी आहे. तीन-चार जणांनी आभार मानले. एका छोट्या संघटनेच्या प्रतिनिधीने मात्र लिहिले, की आमचे मत त्या आश्वासनामुळेच तुम्हाला द्यायचे ठरले होते, आता आम्हाला पुन्हा बसून विचार करावा लागेल. त्यांनी शेवटी काय ठरवले ते गुप्त मतदानामुळे मला कधीच कळणार नाही. २००० सालच्या त्या थेट निवडणुकीविषयी माझा सूर मऊ झाला तो इथे. वीस-तीस ओळखीच्या माणसांपुढे, नियम तोंडपाठ असताना, नव्वद सेकंदांत मी जर हे बोलून बसते, तर हजारो अनोळखी मतदारांपुढे काय बोलले असते? अर्थात नामांकन समित्यांच्या बंद दारांविषयी माझी तक्रार आहे तशीच आहे.

मतदान सात दिवस चालले. मतपत्रिकेवर दोन नावे आणि 'वरीलपैकी कोणी नाही' असा पर्याय होता. आमच्या संघटनेचे मत मी दिले नाही, सहकाऱ्याला द्यायला सांगितले. नियम तसा नाही, पण स्वतःलाच मत देऊन तीन मतांनी हरण्यापेक्षा हे बरे झाले असे आता वाटते. निकाल दोन ओळींच्या पत्रात आला. विजयी उमेदवारांना मी फोन केला, आम्ही दहा मिनिटे अगदी मोकळेपणाने बोललो. समितीला मी विचारले, की माझ्या अर्जात किंवा मुलाखतीत काय कमी पडले ते सांगाल का. उत्तर आले की तसे सांगण्याची पद्धत नाही. हे मला मान्य नाही. हरलेल्या उमेदवाराला चार ओळी लिहून दिल्याने कोणाची गोपनीयता भंगत नाही, आणि पुढच्या वेळी अर्ज सुधारतात.

नव्या अध्यक्षांनी महिन्याभराने माझ्या जाहीरनाम्यातील तिसरे कलम विषयपत्रिकेवर घेतले आणि त्याचा मसुदा लिहायची जबाबदारी मला दिली. निवेदनासोबत आक्षेप जोडण्याचा नियम दोन परिच्छेदांत लिहून होईल असे मला वाटले होते. सध्या त्याची चौथी आवृत्ती सुरू आहे, कारण 'न सुटलेला आक्षेप' म्हणजे नेमके काय, यावरच सहमती होत नाही: आक्षेप सुटला की नाही हे अध्यक्षाने ठरवायचे, की ज्याने घेतला त्याने? दुसऱ्या पर्यायात एक माणूस कायमचा अडून बसू शकतो, आणि पहिल्यात गेल्या वर्षी झाले तेच पुन्हा होऊ शकते. ज्या अहवालातील गाळलेल्या ओळीमुळे मी उभी राहिले, तो लिहिणारे तेव्हाचे अध्यक्षही या गटात आहेत आणि त्यांच्या सूचना सर्वांत नेमक्या असतात. ते म्हणाले, की त्या वेळी अहवाल पाठवायला फक्त दोन तास उरले होते.

पुढचे नामांकन दोन वर्षांनी उघडेल. अर्ध्या पानाची ती फाईल मी ठेवून दिली आहे. हितसंबंधांचे निवेदन मात्र कार्यगटात असेपर्यंत दर वर्षी नव्याने भरावे लागते. ते गेल्या आठवड्यात भरले, आणि भाषांतराच्या त्या तीन महिन्यांची ओळ पुन्हा लिहिली.